कळा सुरू करण्यासाठी दाखल होताना नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

निशिगंध
माझे हे पहिलेच बाळंतपण आहे आणि दिलेली तारीख उलटून गेली आहे. रक्तदाब आणि साखर व्यवस्थित आहेत, बाळाची हालचाल नेहमीसारखी जाणवते आहे. तरीही ४१ आठवडे पूर्ण झाले की दाखल व्हायचे आणि औषधाने कळा सुरू करायच्या, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आतून तपासणी केल्यावर त्यांनी ‘गर्भाशयाचे तोंड अजून बंदच आहे’ असे म्हटले आणि फाइलवर ‘बिशप स्कोअर ३’ असे लिहिले. नेमके काय काय करतात, किती वेळ लागतो, औषधाने आणलेल्या कळा जास्त दुखतात का आणि सिझेरियनची शक्यता वाढते का, एवढे मला समजून घ्यायचे आहे. घाबरवणारे अनुभव लिहू नका असे मी म्हणत नाही. फक्त अनुभवासोबत तपशीलही लिहावा, ही विनंती.

सोनटक्का
माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी मी याच मार्गाने गेले असल्याने क्रमवार लिहिते. दाखल झाल्यावर आधी पोटाला दोन पट्टे बांधून अर्धा तास बाळाचे ठोके आणि गर्भाशयाचे आकुंचन कागदावर उतरवून घेतले. त्यानंतर संध्याकाळी गर्भाशयाच्या तोंडाशी ते मऊ करणारे जेल ठेवले. ठेवताना दुखते असे नाही, पण तपासणीचा त्रास होतो आणि त्यानंतर थोडा वेळ पाठीवर न हलता पडून राहावे लागते. मला वाटले होते की आता तासाभरात काहीतरी घडेल. प्रत्यक्षात पाळीच्या वेळी दुखते तसे ओटीपोटात दुखू लागले, मध्यरात्री ते थांबले आणि मी चक्क झोपले. सहा तासांच्या अंतराने जेलची दुसरी मात्रा दिली. सकाळी तोंड जेमतेम दोन बोटे उघडले होते. तेव्हा पाण्याची पिशवी फोडली, जी फोडताना काहीही दुखले नाही, फक्त कोमट पाण्याचा लोट आला. मग कळा आणणाऱ्या औषधाची ड्रिप लावली.

खऱ्या कळा ड्रिपनंतर सुरू झाल्या. एक वयस्क सिस्टर पोटावर तळहात ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसत असत, आणि मला कळ जाणवण्याच्या क्षणभर आधी त्या ‘आली बघा’ म्हणत असत. गर्भाशय आधी घट्ट होते आणि वेदना नंतर जाणवते, हे त्यांनीच सांगितले. संध्याकाळ उलटल्यावर मुलगी झाली. म्हणजे दाखल होणे आणि बाळ हाती येणे यांत पूर्ण एक दिवस गेला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ केवळ वाट पाहण्याचा होता. तुमचा स्कोअर पाहता तुम्हीही तीच तयारी ठेवावी असे मला वाटते.

एकओळी
फोनचा चार्जर न्या, आणि त्याची वायर लांब असू द्या; खाटेपासून प्लग नेहमीच हातभर दूर असतो.

रानपाखरू
मला या सगळ्यामागची घाई समजत नाही. आई ठीक आहे, बाळ ठीक आहे, मग केवळ दिनदर्शिकेत तारीख उलटली म्हणून कळा आणायच्या कशासाठी? एकदा हस्तक्षेप सुरू झाला की जेलमागे ड्रिप, ड्रिपमागे एपिड्युरल (वेदना कमी करण्यासाठी पाठीतून दिली जाणारी भूल) आणि त्यामागे सिझेरियन, अशी रांगच लागते. माझ्या बहिणीने वाट पाहिली, कळा आपोआप सुरू झाल्या आणि सारे सुरळीत पार पडले. शरीराला त्याची वेळ कळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसूतिकक्ष
मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट ४१ आठवड्यांची. दिवस भरल्यानंतर वारेची क्षमता हळूहळू कमी होऊ लागते आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका ४१ आठवड्यांनंतर वाढत जातो. हा धोका मुळात लहान असतो, हे मान्य करूनही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये ३४ चाचण्यांचा आणि २१,००० हून अधिक स्त्रियांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. दिवस भरल्यावर किंवा उलटल्यावर कळा सुरू केलेल्या गटात बाळांचे मृत्यू कमी होते आणि सिझेरियनचे प्रमाणही थोडे कमीच होते. स्वीडनमध्ये ४१ आठवड्यांना कळा आणणे आणि ४२ आठवड्यांपर्यंत थांबणे यांची तुलना करणारी चाचणी मुदतीपूर्वीच बंद करावी लागली, कारण थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली होती आणि दुसऱ्या गटात एकही नाही. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करण्याचीच आहे.

दुसरी गोष्ट ‘रांगे’ची. ज्यांच्या कळा आणल्या त्यांची तुलना ज्यांच्या आपोआप सुरू झाल्या त्यांच्याशी केली, तर सिझेरियन जास्त दिसते. पण ही तुलनाच चुकीची आहे, कारण त्या दिवशी आपोआप कळा सुरू होणे हा पर्याय डॉक्टरांच्याही हाती नसतो आणि रुग्णाच्याही नसतो. खरे पर्याय दोनच असतात, आज कळा आणणे किंवा वाट पाहणे. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींचा रक्तदाब वाढतो, काहींचे बाळाभोवतीचे पाणी कमी होते, आणि त्यांचेही सिझेरियन होते.

बिशप स्कोअर हा पाच गोष्टींचा मिळून असतो: तोंड किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, पुढे आहे की मागे, आणि बाळाचे डोके किती खाली आले. ६ किंवा त्याहून कमी म्हणजे तोंड अजून तयार नाही. ८ किंवा अधिक असेल तर कळा लवकर धरतात. ३ असताना पहिला टप्पा कळांचा नसतोच, तो तोंड मऊ करण्याचा असतो. हे आधी समजून घेतले, तर पहिल्या रात्री ‘काहीच होत नाही’ असे वाटून हताश व्हायला होत नाही.

रानपाखरू
सविस्तर उत्तराबद्दल आभार. तरीही एक आकडा सांगितला जावा. त्याच आढाव्यानुसार एक मृत्यू टाळण्यासाठी साधारण ५४४ स्त्रियांच्या कळा आणाव्या लागतात. उरलेल्या ५४३ जणींना तो लांबलचक दिवस, नळ्या आणि सततच्या तपासण्या यांतून जावे लागते. काहींना हा सौदा मान्य होईल, काहींना होणार नाही. निर्णय बाईला विचारून व्हावा, ‘दाखल व्हा’ असा आदेश देऊन नव्हे, एवढाच माझा मुद्दा आहे.

प्रसूतिकक्ष
आकडा बरोबर आहे आणि मुद्दाही मान्य आहे. थांबायचे ठरवले, तर दर दोनतीन दिवसांनी ठोके आणि पाणी तपासण्याची व्यवस्था मात्र हवी. नुसते घरी बसणे म्हणजे थांबणे नव्हे.

तळटीप
ड्रिपमध्ये असते ते ऑक्सिटोसिन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये नोंदवले. पुढे कित्येक वर्षे प्राण्यांच्या ग्रंथींचा हाच अर्क बाळंतपणात वापरला जात होता, आणि त्याची ताकद दर वेळी सारखी नसल्याने तो धोकादायकही ठरत होता. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जेलमधले प्रोस्टाग्लँडिन त्यामानाने अलीकडचे. कळा आणण्यासाठी त्याचा वापर सुलतान करीम यांनी युगांडात केला, ते १९६८ साली.

या इतिहासाचा धाग्याशी संबंध एवढाच की या दोन औषधांचा स्वभाव भिन्न आहे. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते, म्हणून ते पंपाने थेंब मोजून देतात, दर अर्ध्या तासाने वाढवतात आणि कळा फार जोरात आल्या तर बंद करतात, की थोड्या वेळात परिणाम ओसरतो. जेल एकदा ठेवले की परत काढता येत नाही, म्हणूनच दोन मात्रांमध्ये सहा तास आणि जेलनंतर ड्रिप लावण्यापूर्वीही सहा तास थांबतात. तो वेळ उगाच घालवलेला नसतो.

एकओळी
तळटीप यांनी तळटीप लिहिली की ती मूळ लेखाहून मोठी होते, हा या ठिकाणचा जुना नियम आहे.

बाहेरचे बाकडे
वडिलांच्या बाजूनेही कोणीतरी लिहावे म्हणून लिहितो. त्या दिवशी माझ्याकडे दोनच कामे होती, पाण्याची बाटली धरणे आणि फोन उचलणे. त्यांपैकी दुसरे फार अवघड ठरले. ‘झाले का?’ हा प्रश्न दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आळीपाळीने विचारला, आणि आत आठ तासांत तोंड एका सेंटिमीटरने उघडले हे उत्तर कोणाच्याच पचनी पडत नव्हते. ‘एवढे औषध देऊनही?’ असे एका काकांनी मलाच दरडावून विचारले. माझी सूचना अशी की दाखल होण्याची वेळ कोणालाही सांगू नये. सांगायचीच असेल तर ‘दोन दिवस लागतील’ असे सांगून मोकळे व्हावे. बाळ त्याआधी आले, तर सगळे तुमचेच कौतुक करतात.

दुसरे असे की प्रत्येक टप्प्यावर ‘आता काय देत आहात, कशासाठी, आणि पुढची तपासणी किती वाजता’ हे तीन प्रश्न मी विचारत गेलो. पत्नीला त्या वेळी विचारण्याची ताकद नव्हती आणि उत्तर ऐकून तिला बराच धीर येत होता. सोबतीला जाणाऱ्याने हे काम आपल्याकडे घ्यावे.

जुईचा वेल
माझे पहिले सिझेरियन होते आणि दुसऱ्या खेपेस नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा होता, त्यामुळे जेल आणि गोळ्या दोन्ही बाद होत्या. जुन्या टाक्यांवर ताण येऊन गर्भाशय फाटण्याचा धोका प्रोस्टाग्लँडिनने वाढतो, आणि मिसोप्रोस्टॉलची गोळी तर अशा वेळी देऊच नये असे मला सांगण्यात आले. त्याऐवजी फुग्याची नळी, म्हणजे फोलीचा कॅथेटर, वापरला. नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात आणि बाहेरचे टोक जरा ताणून मांडीला चिकटवतात. घालताना मला चांगलेच दुखले. नंतर चालता येत होते, फक्त काहीतरी अडकल्याची भावना सतत होती. तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडले की फुगा आपोआप निसटतो. माझा पहाटे बाथरूममध्ये निसटला आणि काहीतरी भयंकर घडले असे वाटून मी जोरात हाक मारली. धावत आलेल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “अभिनंदन, आपल्याला हेच हवे होते.” पुढे ड्रिपची मात्रा फार सावकाश वाढवली आणि ठोके शेवटपर्यंत सलग पाहिले. प्रसूती नैसर्गिक झाली.

निशिगंध, तुमचे पहिलेच असल्याने तुम्हाला सगळे पर्याय खुले आहेत. फुग्याने कळा एकदम अंगावर येण्याची शक्यता जेलपेक्षा कमी असते, म्हणून तो पर्याय मिळेल का हे विचारायला हरकत नाही.

कदंब
कोणीतरी दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या वेळी जेल, पिशवी फोडणे, ड्रिप हे सगळे होऊन अखेर सिझेरियन झाले. तेव्हा ‘इंडक्शन फेल’, म्हणजे कळा आणण्याचा प्रयत्न फसला, असे लिहिलेला कागद हाती आला आणि तो शब्द मला बरेच दिवस टोचत राहिला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी ती फाइल पाहिली, तेव्हा लक्षात आले की पिशवी फोडून ड्रिप सुरू केल्यानंतर फारच थोडा वेळ दिला गेला होता. बाळाचे ठोके चांगले होते, मला ताप नव्हता, आणि तरीही संध्याकाळच्या आत निर्णय झाला. त्या रुग्णालयाचे नाव घेण्याची इच्छा नाही. पण किती वेळ थांबल्यावर प्रयत्न अयशस्वी मानतात, हे आधीच विचारून ठेवावे, असे मी प्रत्येकीला सांगते.

प्रसूतिकक्ष
@कदंब, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आई आणि बाळ ठीक असतील, तर पिशवी फुटल्यानंतर ऑक्सिटोसिन किमान १२ ते १८ तास देऊन पाहिल्याशिवाय प्रयत्न फसला असे म्हणू नये, असे आता मानले जाते. शिवाय प्रसूतीचा वेगवान टप्पा पूर्वी समजत त्याप्रमाणे ३-४ सेंटिमीटरला सुरू होत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ सेंटिमीटर धरते, अमेरिकेतील तज्ज्ञसंस्था ६ धरतात. त्याआधीची संथ गती म्हणजे अडथळा नव्हे. बाळाचे ठोके बिघडले तर मात्र हे घड्याळ लागू होत नाही, तिथे निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो.

मोगरी
कृत्रिम कळा जास्त दुखतात का, या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिले नाही. माझे एक बाळंतपण आपोआप झाले आणि एक ड्रिपवर. वेदनेची कमाल दोन्हीकडे सारखीच होती. फरक चढणीत होता. पहिल्या वेळी कळा घरी, सावकाश, चालता-बोलता वाढत गेल्या आणि मन तयार होत गेले. ड्रिपवर ती चढण तोकडी होती, शिवाय पट्ट्यांमुळे कुशीवर वळणेही त्या यंत्राला विचारून करावे लागत होते. म्हणून एपिड्युरल घ्यायचे की नाही याचा विचार कळा सुरू होण्यापूर्वी करून ठेवावा. ऐन कळेत भूलतज्ज्ञांची वाट पाहणे फार जड जाते.

सोनटक्का
मोगरी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र पट्टे लावलेले असतानाही खाटेशेजारी उभे राहता येते किंवा खुर्चीत बसता येते. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, एवढेच.

पांढरी टोपी
मी अनेक वर्षे लेबर रूममध्ये परिचारिका आहे. काही गोष्टी रुग्ण उशिरा सांगतात, म्हणून इथे लिहून ठेवते. कळ ओसरल्यावर पोट पुन्हा सैल पडले पाहिजे. ते सैल पडतच नसेल, किंवा एकामागून एक कळा येऊन मध्ये श्वास घ्यायलाही उसंत मिळत नसेल, तर लगेच आवाज द्यावा. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत राहिल्या, तर बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडू शकतो. अशा वेळी आम्ही ड्रिप कमी करतो किंवा थांबवतो आणि डाव्या कुशीवर वळवतो. पिशवी फुटल्यावर पाण्याचा रंग हिरवट दिसला, ताजे रक्त जाऊ लागले, किंवा योनीमार्गात नाळेसारखे काही जाणवले, तर क्षणभरही थांबू नये. दर काही तासांनी लघवीला जाऊन यावे, कारण भरलेले मूत्राशय डोके खाली येऊ देत नाही. ड्रिप खूप तास चालू असेल तर सोबतीच्या मंडळींनी आग्रहाने ग्लासामागून ग्लास पाणी पाजू नये. ऑक्सिटोसिनमुळे शरीरात पाणी साठते आणि रक्तातील सोडियम उतरू शकते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थोडा जास्त होण्याची शक्यता असते, म्हणून आम्ही पोट पुन्हा पुन्हा दाबून पाहतो. ते त्रासदायक असते, हे आम्हालाही माहीत आहे.

गणितज्ञ
थोडे अवांतर वाटेल, पण ही ‘तारीख’ मुळात कशी काढली आहे? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजण्याच्या पद्धतीत पाळी २८ दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवशी सुटलेले गृहीत धरतात. ज्यांची पाळी ३५ दिवसांनी येते त्यांची तारीख यात आठवडाभर आधी पडते. सुरुवातीच्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख सर्वांत विश्वासार्ह असते. आणि नेमक्या तारखेला जन्मणारी बाळे जेमतेम वीसांत एक असतात, तेव्हा ती तारीख म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे.

रानपाखरू
गणितज्ञ यांनी माझे निम्मे काम केले.

हळदीकोयरी
कोणी एरंडेल घेऊन पाहिले आहे का? ते घेतल्याने कळा आपोआप येतात असे ऐकले आहे.

प्रसूतिकक्ष
एरंडेलाने जुलाब आणि मळमळ हमखास होते, कळांची खात्री नसते, आणि लेबर रूममध्ये थकलेल्या, अंगातले पाणी कमी झालेल्या अवस्थेत येणे कोणाच्याही हिताचे नाही. त्यापेक्षा दाखल होण्यापूर्वी डॉक्टरांना ‘पडदे सैल करून’ घेता येतील का, हे विचारावे. आतून तपासताना गर्भाशयाच्या तोंडाभोवती बोट फिरवून पिशवीचा पडदा सोडवतात. अस्वस्थ वाटते, थोडे रक्त जाऊ शकते, पण काहींच्या कळा त्याने सुरू होतात आणि औषधाची गरज टळते. मात्र बोट आत जाण्याइतके तोंड उघडलेले असावे लागते.

निशिगंध
सर्वांचे मनापासून आभार. रानपाखरू आणि प्रसूतिकक्ष यांच्यातील चर्चेचा मला सर्वाधिक उपयोग झाला. गणितज्ञ यांचा मुद्दा वाचून जुनी फाइल काढली. माझी तारीख नवव्या आठवड्यातील सोनोग्राफीवरूनच दिलेली आहे, त्यामुळे तिथे शंका उरली नाही. आज डॉक्टरांशी पुन्हा बोलले. पहिल्या टप्प्यासाठी फुग्याची नळी वापरायला ते तयार आहेत आणि कदंब यांनी सुचवलेला प्रश्नही विचारला. ‘तुम्ही आणि बाळ ठीक असेपर्यंत मला घाई नाही’ असे ते म्हणाले. मी ठरलेल्या दिवशी दाखल होणार आहे. एकच शंका राहिली आहे. तोपर्यंतच्या दिवसांत बाळाची हालचाल जरा कमी वाटली, तर दाखल होण्याच्या तारखेपर्यंत थांबावे का?

पांढरी टोपी
अजिबात थांबू नये. रात्र असली तरी त्याच वेळी निघून ठोके तपासून घ्यावेत. निघण्यापूर्वी लेबर रूमला फोन केलात, तर यंत्र तयार ठेवतात.

एकओळी
आणि चार्जर तेव्हाही सोबत असू द्या.